गोधडीतील रंगांचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गोधडीवर लेख लिहावा, याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल. परंतु शिल्लक माल, वाटणी आणि मजुरी या गोष्टी जितक्या खतावणीत असतात, तितक्याच गोधडीतही असतात. आपण तिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो. याच अंकाच्या कन्नड विभागातील आपले मित्र तिला कौदी म्हणतात. नाव कोणतेही असो, हाताला येतील त्या चिंध्या जोडीत गेले की गोधडी होते, हा समज दोन्ही भाषांत सारखाच आढळतो. तो खरा नाही, आणि त्याची किंमत शिवणाऱ्या बाईला मोजावी लागते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम कच्चा माल पाहू. आमच्या बेळगाव भागात जुन्या कापडांचे गाठोडे सोडले, तर त्यात काय निघते? लाल-पांढऱ्या टोपपदराचे इरकल लुगडे, गुळेदगुड्डच्या खणाचे उरलेले तुकडे, शहापूर-वडगावच्या मागावरची साडी, आजोबांचे धोतर, शाळेचा गणवेश, चौकड्यांचा शर्ट आणि मोठ्या फुलांची वायल. यांतील एकही कापड दुसऱ्याशी जुळावे म्हणून घेतलेले नसते. मग ती एकत्र शोभावीत कशी?

याचे पहिले उत्तर असे की, रंग पाहण्यापूर्वी उजेड पाहावा. आमच्या गल्लीत वाकळ शिवून देणाऱ्या एक मावशी म्हणतात, "आधी अंधार-उजेड बघायचा, रंग मागनं." तुकडे जमिनीवर पसरून डोळे अर्धवट मिटून पाहावेत. लाल आणि हिरवा हे एरवी किती निराळे रंग! पण दोन्ही सारखेच गडद असतील, तर मिटत्या डोळ्यांना त्यांचा मिळून एकच डाग दिसतो. मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र काढले तरी हीच परीक्षा होते. म्हणून फिकट, मध्यम आणि गडद असे तीन ढीग आधी करावेत. गोधडीची रचना उठून दिसते ती या तिघांतील फरकामुळे.

दुसरी गोष्ट शेजाराची. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तेथील काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपास केला तेव्हा दोष काळ्या रंगात नव्हता. निळ्या-जांभळ्या रंगांच्या शेजारी विणल्यामुळे तो निस्तेज दिसत होता. यातून निघालेला सिद्धांत त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. लालाशेजारचा राखाडी रंग किंचित हिरवट भासतो, हे त्याचेच उदाहरण. खणाचा लाल तुकडा हिरव्याशेजारी अधिक लाल दिसतो आणि नारिंगीशेजारी मावळतो, हे शेव्रलचे नावही न ऐकलेल्या आपल्या आज्या जाणून होत्या.

तिसरी गोष्ट नक्षीची. दोन छापील कापडे शेजारी ठेवायची झाल्यास त्यांच्या नक्षीचा आकार वेगळा असावा. मोठ्या फुलाशेजारी बारीक बुट्टी चालते. सारख्याच आकाराची दोन फुले मात्र एकमेकांशी भांडतात. फार मोठे फूल लहान चौकोनात कापले, तर त्याची नुसती पाकळी उरते, हेही ध्यानात घ्यावे. मधून मधून धोतराचा साधा तुकडा असला, म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो.

आता वाटणी. ७ फूट लांब व ५ फूट रुंद गोधडीत ६ इंचांचे १४० चौकोन बसतात. शिवणीसाठी चारही बाजूंनी पाव इंच धरल्यास चौकोन साडेसहा इंचांचा कापावा लागतो. त्यांपैकी ५६ फिकट, ४२ मध्यम, २८ गडद आणि अवघे १४ भडक लाल-पिवळे घेऊन पाहावेत. भडक रंग थोडा असला तरी डोळा तिकडेच धावतो. म्हणून तो एका कोपऱ्यात न साठविता सर्वत्र विखरावा. भोवती एकाच गडद कापडाचा काठ लावला की सारा पसारा बांधला जातो. मात्र सुती कापडात टेरीकॉट मिसळू नये. सुती धुण्यात आटते, टेरीकॉट आटत नाही, आणि चुण्या पडतात. रंग कच्चा असल्याचा संशय आला, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे.

हा हिशेब कागदावरच करावा लागतो असे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रिया जी कवंदी शिवतात, तिच्यात तुकडे एका मापाचे नसतात. कडेपासून सुरुवात करून त्या मध्याकडे शिवीत जातात, आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. तेथे फूटपट्टीचे काम डोळाच करतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आमच्याकडे वाकळेची मजुरी ठरते ती लांबी-रुंदीवर आणि टाके किती दाट यावर. तुकडे निवडणे, मांडणे, मोडून पुन्हा मांडणे यात मावशींचा अख्खा दिवस जातो. त्याची नोंद कुठेच नसते. वहीत खर्च लिहिला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही, तो कोणीतरी सोसत असतो. शिंप्याला आपण कापणावळ देतो, चित्रकाराला आराखड्याचे पैसे देतो. तेव्हा यापुढे गोधडी शिवायला टाकताना घासाघीस करण्यापूर्वी एवढेच विचारावे, "मावशी, मांडणीचे किती झाले?"