वचन ओठांवर असू द्या



रोजचे मनन म्हटले की उघडे पवित्र शास्त्र आणि शांतपणे वाचणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मग ज्याला वाचता येत नाही, त्याने काय करावे? आदिवासी पाड्यांवर हा प्रश्न नेहमीचा आहे. पुष्कळ घरांत वाचणारे एखादेच मूल असते. ते वसतिगृहात राहायला गेले, किंवा दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेले, की पुस्तक पेटीत राहते आणि कौटुंबिक प्रार्थनाही हळूहळू थांबते.

पण मनन हे फक्त वाचणाऱ्यांचे काम नाही. यहोशवा १:८ व स्तोत्र १:२ येथे रात्रंदिवस मनन करण्याविषयी सांगितले आहे. तेथील मूळ इब्री शब्द ‘हागा’ याचा अर्थ हळू आवाजात पुटपुटणे असाही होतो. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हाच शब्द आला आहे. प्रेषितांची कृत्ये ८:३० मधला हबशी अधिकारी रथात बसून मोठ्याने वाचत होता, म्हणूनच फिलिप्पाला ते ऐकू आले. तेव्हा ज्याला कान आणि ओठ आहेत, त्याला मनन करता येते.

सुरुवातीला स्तोत्र २३ घ्या. त्यात सहाच वचने आहेत. सोमवार ते शनिवार रोज एक वचन आणि रविवारी संपूर्ण स्तोत्र, अशी सोपी वाटणी होते.

१. ऐका. वाचता येणाऱ्याने त्या दिवसाचे वचन सावकाश दोनदा वाचावे. बाकीच्यांनी ते मागून म्हणावे.

२. सांगा. काय ऐकले ते प्रत्येकाने आपल्या बोलीत सांगावे. मग ती वारली असो, पावरी असो वा मावची. शेळ्या राखणाऱ्या मुलाला मेंढपाळाची काठी कशासाठी असते, हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

३. घोळवा. त्यातले दोन-तीन शब्द दिवसभर पाणी भरताना, निंदणी करताना ओठांवर असू द्यावेत.

४. प्रार्थना करा. त्याच वचनातून स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती आणि विनंती करावी.

हे चौथे पाऊल स्तोत्र स्वतःच आपल्याला शिकवते. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी बोलतो. चौथ्या वचनात काळोखी दरी येते आणि तो एकदम देवाशीच बोलू लागतो. ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो. मननाची प्रार्थना होते ती अशी.

असे आठवडाभर केले की न वाचणाऱ्या आजीच्याही तोंडी स्तोत्र बसू लागते. मग कुटुंब कामासाठी कुठेही गेले, पुस्तक मागे राहिले, तरी वचन बरोबर जाते.

आपणही येत्या आठवड्यात घरी हेच स्तोत्र घ्यावे, ही विनंती. गुरुवारी, चौथ्या वचनाच्या दिवशी, पोटासाठी गाव सोडलेल्या कुटुंबांची आठवण करावी.

प्रार्थना : हे प्रभू, उत्तम मेंढपाळा, जे वाचतात आणि जे केवळ ऐकतात, त्या सर्वांच्या अंतःकरणात तुझे वचन राहू दे. कामासाठी दूर गेलेल्यांच्या सोबत राहा आणि त्यांना सुखरूप घरी आण. येशूच्या नावाने मागतो. आमेन.