चार कोऱ्या ओळी

गाडीवर एकच बिल्टी असली की वेब पानावर चार कोऱ्या ओळी उमटायच्या. दोन बिल्ट्या असल्या तर पान चोख, वीस असल्या तरी चोख. एक असली की मात्र कोऱ्या ओळी, आणि त्याही हटकून चारच. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात एका बिल्टीची गाडी हे काही नवल नाही. 'फुल लोड' म्हणतात तो हाच प्रकार, अख्खी गाडी एकाच पार्टीची. पण टेस्टिंगचा डेटा भरणाऱ्याला नेहमी किरकोळ मालाच्या गाड्याच सुचतात, कारण यादी म्हटली की दहा-बारा नावं डोळ्यांपुढे येतात.

माल नोंदवणारी सर्व्हिस डॉट नेटमध्ये लिहिलेली, पान दाखवणारा क्लायंट पीएचपीत, आणि दोघांमध्ये सोप. पीएचपीच्या सोप क्लायंटचा एक स्वभाव आहे. आलेल्या एक्सएमएलमध्ये एकाच नावाचे दोन किंवा अधिक टॅग दिसले तर तो त्यांचा ॲरे करतो. एकच दिसला तर ॲरेच्या भानगडीत न पडता ती वस्तू तशीच हातात देतो. त्यात पीएचपीतला फॉरईच लूप ॲरेवर जसा फिरतो तसाच ऑब्जेक्टवरही बिनतक्रार फिरतो, फक्त तिथे तो आतल्या रकान्यांवर फिरतो. बिल्टीत रकाने चार: नंबर, गाव, वजन, भाडं. लूपनं आधी नंबर उचलला, त्यालाच बिल्टी समजला आणि त्याच्याकडे नंबर मागितला. काहीच मिळालं नाही, कोरी ओळ. मग गाव, मग वजन, मग भाडं. इशारे सगळे लॉगमध्ये साठत होते, पडद्यावर एक अक्षर नाही.

"सर, बिल्टीत पाचवा रकाना टाकला तर पाच ओळी येतील का?" टीममधल्या एकीनं विचारलं आणि सर्व्हिसमध्ये टाकूनच दाखवला. आल्या पाच ओळी. निदान तिथेच झालं.

यावर औषध पीएचपीतच आहे. 'सिंगल एलिमेंट ॲरेज' नावाचा पर्याय चालू केला की डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या लेखी करारात, ज्या टॅगला 'कितीही वेळा' अशी मुभा आहे त्याचा ॲरेच होतो, मग आत एक असो की शंभर. म्हणजे करारात सगळं लिहिलेलं होतंच, वाचायला मात्र वेगळं सांगावं लागतं. हा पर्याय मुळात बंद असतो हे मला आजही पटत नाही.

प्रोग्रॅम लिहिताना आपल्या हाताशी कलेक्शनचे किती तरी प्रकार असतात. लिस्ट वाढत जाते, सेट दुबार नोंद घेत नाही, डिक्शनरी किल्ली दिली की क्षणात वस्तू काढून देते. यातला एकही गुण तारेवरून जात नाही. गोदामातली मांडणी गोदामातच राहते, गाडीत फक्त पोती चढतात. एक्सएमएल स्कीमाकडे अनेकवचन सांगायला 'मॅक्सऑकर्स' हा एकच गुणधर्म आहे: हा टॅग किती वेळा येऊ शकतो. तो ॲरे, लिस्ट की सेट, हे पलीकडचा ठरवतो.

सोपच्या 2000 सालच्या 1.1 आवृत्तीत ॲरेसाठी वेगळी लिखावट होती, चौकटी कंसात संख्या वगैरे टाकून. प्रत्येक कंपनीच्या टूलकिटनं ती आपापल्या परीनं वाचली आणि व्हायचा तो गोंधळ झाला. शेवटी 2004 मध्ये डब्ल्यूएस-आय या संघटनेच्या बेसिक प्रोफाइलनं तिच्यावर बंदीच घातली. त्याच कागदात अशीही सूचना होती की टॅगांना 'ॲरेऑफ अमुक' अशी नावं देऊ नयेत. मायक्रोसॉफ्ट त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी, आणि तिच्याच डॉट नेटमधून बाहेर पडणाऱ्या डब्ल्यूएसडीएलमध्ये 'ॲरेऑफस्ट्रिंग' जागोजागी भेटतो.

डॉट नेट ते डॉट नेट असा सरळ मामला असला तरी सुटका नाही. सर्व्हिसची मेथड 'लिस्ट ऑफ बिल्टी' परत देते आणि क्लायंटच्या प्रॉक्सीत मिळतो बिल्टीचा ॲरे. नवीन मुलगा तो लिस्टच्या व्हेरिएबलमध्ये घालायला जातो आणि कंपायलर अडवतो. दोन्हीकडची बिल्टी नावानं, रकान्यांनी अगदी तीच असली तरी प्रॉक्सीतला क्लास वेगळा, सर्व्हिसमधला वेगळा. कंपायलरच्या लेखी दोघांचं नातं शून्य. 2006 मध्ये डब्ल्यूसीएफ आलं आणि पुढे व्हिज्युअल स्टुडिओत एक सोय झाली: सर्व्हिस रेफरन्स जोडताना एका ड्रॉपडाउनमधून ॲरे, लिस्ट, लिंक्डलिस्ट असं काय हवं ते निवडायचं. निवड क्लायंटची. सर्व्हिसला तिचा पत्ताही नसतो, आणि जाणारं एक्सएमएल पूर्वीचंच.

डिक्शनरीचं दुखणं मोठं. जुन्या एएसएमएक्स सर्व्हिसमधून हॅशटेबल पाठवायला गेलं की सिरियलायझर साफ नकार देतो. डब्ल्यूसीएफ नकार देत नाही. ते किल्ली आणि मूल्य अशा जोड्या एकाखाली एक लिहून पाठवतं, आणि त्या प्रकाराला 'ॲरेऑफकीव्हॅल्यूऑफस्ट्रिंगबिल्टी' असं नाव देऊन वर नेमस्पेसवरून काढलेली काही अगम्य अक्षरं चिकटवतं. जावाच्या बाजूला मग याच नावाचा क्लास तयार होतो. त्यात शोधायची सोय नसते, नुसती जोड्यांची यादी. जावावाल्यानं स्वतः लूप लिहून हॅशमॅप भरायचा. डॉट नेटच्या बाजूला कलेक्शन डेटा कॉन्ट्रॅक्ट लावून सुटसुटीत नावं देता येतात, पण ते कष्ट घ्यायची आठवण बहुधा समोरून शिव्या आल्यावरच होते.

एकट्या बिल्टीइतकंच अवघड प्रकरण म्हणजे बिल्टीच नसणं. आमच्याकडे त्याला दोन अर्थ होते. गाडी अजून लोड व्हायची आहे तेव्हा सर्व्हिस यादीच्या जागी नल द्यायची, आणि गाडी माल उतरवून रिकामी परत निघालीय तेव्हा शून्य बिल्ट्यांची यादी. सर्व्हिसच्या आत हा फरक सरळ दिसायचा. बाहेर पडल्यावर नलच्या बाबतीत तो टॅगच गायब व्हायचा आणि रिकाम्या यादीचा नुसता पोकळ टॅग जायचा. पुढे काय होईल ते वाचणाऱ्यावर. डॉट नेट क्लायंटनं ॲरे ठेवला असेल तर गायब टॅगचा नल होतो, लिस्ट ठेवली असेल तर रिकामी लिस्ट. जावात जॅक्सबी जो क्लास बनवतं त्यात यादीला सेटर नसतोच, आणि गेटर यादी नसेल तर तिथल्या तिथे नवी रिकामी यादी करून देतो. म्हणजे गेटरमधून जावावाल्याला नल कधी दिसणारच नाही. लोड व्हायची गाडी आणि रिकामी परत निघालेली गाडी त्याला एकसारखी. आम्ही 'स्थिती' नावाचा स्वतंत्र रकाना घातला आणि नलचा अर्थ लावणं बंद केलं.

जेसन आल्यावर यातलं बरंचसं मिटलं. तिथे ॲरे हा खराखुरा ॲरे आहे, एकाच बिल्टीलाही चौकटी कंस मिळतो. पण पीएचपीकडून पाठवताना एक गंमत आहे. यादीतल्या रद्द बिल्ट्या फिल्टर करून काढल्या तर उरलेल्यांचे जुने क्रमांक तसेच राहतात. 0, 1, 2 मधली शेवटची रद्द झाली तर 0, 1 उरतात आणि जेसनमध्ये ॲरे जातो. मधली रद्द झाली तर 0, 2 उरतात आणि ॲरेऐवजी ऑब्जेक्ट जातो. पलीकडचं ॲप उघडेल की कोसळेल, हे कुठल्या पार्टीनं बुकिंग रद्द केलं यावर ठरतं! पाठवण्याआधी क्रमांक नव्यानं लावणारं एक फंक्शन घातलं की काम होतं.

जावाच्या जॅकसनला फक्त 'लिस्ट दे' म्हटलं आणि कशाची ते सांगितलं नाही, तर आत बिल्ट्यांऐवजी लिंक्डहॅशमॅप बसतात. वाचताना काही बिघडत नाही. पुढे कुठेतरी पहिली बिल्टी बाहेर काढायला गेलं की एरर, आणि सापडते ती भलत्याच फाइलमध्ये. जावास्क्रिप्टचा मॅप थेट जेसन केला तर नुसते दोन महिरपी कंस जातात, आतलं सगळं गडप.

क्रमाचा प्रश्न आमच्या धंद्यात खास नाजूक. शेवटी चढवलेला माल आधी उतरतो, म्हणून बिल्ट्या ज्या ओळीनं चढल्या ती ओळ महत्त्वाची. मोबाइल ॲप लिहिणाऱ्यांनी बिल्टी नंबरची किल्ली असलेला ऑब्जेक्ट मागितला, शोधायला बरा म्हणून. आम्ही दिला नाही. ॲप जावास्क्रिप्टमधलं, आणि तिथे पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या किल्ल्या ऑब्जेक्टमध्ये चढत्या क्रमानं लागतात. लोडिंगचा क्रम जाऊन नंबरांचा क्रम आला असता.

"मग शोधायचं कसं?" त्यांच्याकडच्या मुलानं फोनवर विचारलं.

"नंबर प्रत्येक बिल्टीच्या आत आहेच. यादी हातात आली की मॅप तुम्ही बांधा."

"आणि बिल्टी एकच असली तर?"

"तरी यादीच येईल."

त्यानं दोन सॅम्पल रिस्पॉन्स मागितले, एक रिकाम्या गाडीचा आणि एक फुल लोडचा. किरकोळ मालाचा मागितला नाही.