कंपोजची फाइल कुबरनेटीसवर नेताना

डॉकर कंपोजची फाइल लिहायला सुटसुटीत असते. पंचवीस-तीस ओळींत वेब अ‍ॅप, डेटाबेस आणि कॅश मांडून होतात. एक कमांड दिली की लॅपटॉपवर सगळं उभं. पुढे कधीतरी हेच कुबरनेटीसवर चालवायचं ठरतं. तिथे या एका फाइलच्या जागी डझनभर यॅमल फाइली लागतात, आणि त्या हाताने लिहायचा कंटाळा येतो.

त्यासाठी कुबरनेटीस प्रकल्पातच सांभाळलं जाणारं एक साधन आहे. त्याचं नावही कंपोजच, फक्त स्पेलिंगमध्ये सीऐवजी के. घोळ नको म्हणून इथे त्याला रूपांतरक म्हणू. कंपोजची फाइल असलेल्या फोल्डरमध्ये त्याची कन्व्हर्ट कमांड चालवली की काही सेकंदांत यॅमल फाइली तयार होतात. अवघड भाग त्यानंतरचा. फाइलमध्ये जे लिहिलंय त्याचं रूपांतर होतं. सगळं एकाच मशीनवर चालणार म्हणून जे लिहायची गरजच पडली नाही, ते मागे राहतं.

एक नेहमीचा संच घेऊ. ‘वेब’ हे जँगोचं अ‍ॅप, ‘वर्कर’ पार्श्वभूमीची कामं करणारा, ‘डीबी’ म्हणजे पोस्टग्रेस आणि ‘रेडिस’. प्रत्येकाची एकेक डिप्लॉयमेंट तयार होते, म्हणजे कोणत्या इमेजच्या किती प्रती चालू ठेवायच्या याची नोंद. सर्व्हिस मात्र फक्त वेबची बनते. सर्व्हिस म्हणजे क्लस्टरच्या, म्हणजे कुबरनेटीस चालवत असलेल्या मशीनच्या समूहाच्या, आतलं स्थिर नाव आणि पत्ता. कंपोजमध्ये कंटेनर एकमेकांना नावाने सापडतात, त्यासाठी पोर्ट जाहीर करावा लागत नाही. म्हणून डीबी आणि रेडिसपुढे पोर्ट लिहिलेलाच नसतो. पोर्ट नाही म्हणून सर्व्हिस नाही, आणि सर्व्हिस नाही म्हणून वेबला ‘डीबी’ नावाचं कुणी सापडत नाही. रूपांतरक तशी सूचना देतो, पण ती भराभर वर सरकणाऱ्या ओळींत निसटते. उपाय सोपा आहे: मूळ फाइलमध्ये दोघांपुढे एक्स्पोज लिहून 5432 आणि 6379 द्या आणि पुन्हा रूपांतर करा.

वेबच्या पोर्टमध्ये आणखी एक खोच आहे. फाइलमध्ये 8080:8000 लिहिलंय. लॅपटॉपवर ब्राउझर 8080 वर जातो, पण वर्कर आतल्या आत वेबला 8000 वरच गाठतो. रूपांतरानंतर सर्व्हिसचा पोर्ट 8080 होतो आणि ती आत 8000 कडे वळवते. त्यामुळे वर्करने 8000 वर हाक मारली तर उत्तर येत नाही. दोन्हीकडे एकच आकडा ठेवणं बरं.

आता रेडिसची गंमत पाहा. त्याची सर्व्हिस बनली की कुबरनेटीस त्यानंतर सुरू होणाऱ्या पॉडमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यात चालतो त्या एककात, स्वतःहून काही एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल घालतं. त्यात ‘रेडिस अंडरस्कोर पोर्ट’ हेही असतं आणि त्याची किंमत 6379 नसते, तर टीसीपीपासून सुरू होणारा अख्खा पत्ता असतो. याच नावाने नुसता आकडा वाचू पाहणारं अ‍ॅप सुरू होताहोताच कोसळतं, आणि दोष रेडिसला दिला जातो. पॉडच्या वर्णनात ‘इनेबल सर्व्हिस लिंक्स’ बंद केलं की प्रश्न मिटतो.

नावात अंडरस्कोर असेल तर रूपांतरक त्याचा हायफन करतो, कारण सर्व्हिसच्या नावात अंडरस्कोर चालत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमधलं जुनं नाव मात्र तसंच राहतं. ते आपणच बदलायचं.

इमेजचं काय? कंपोजमध्ये बिल्ड लिहिलं की इमेज लॅपटॉपवरच तयार होते. क्लस्टरमधल्या मशीनना ती मिळायची तर रजिस्ट्रीत चढवायला हवी, नाहीतर पॉडपुढे ‘इमेज पुल बॅकऑफ’ दिसत राहतं. टॅग ‘लेटेस्ट’ ठेवू नका. तो असला, किंवा टॅगच नसला, की इमेज आणण्याचं धोरण आपोआप ‘ऑलवेज’ ठरतं, आणि कोणत्या दिवशीचा कोड चालू आहे हे सांगता येत नाही ते वेगळंच.

कोण कोणाच्या आधी सुरू व्हावं हे सांगणारं कंपोजमधलं ‘डिपेंड्स ऑन’ तर पलीकडे पोचतच नाही. कुबरनेटीस सगळं एकदमच उभं करायला घेतं. डेटाबेस तयार नसेल तर वेबने थांबून पुन्हा प्रयत्न करावा, ही समज अ‍ॅपमध्येच हवी. माझ्या मते ती लॅपटॉपवरही असायला हवी होती. कंपोजने ती उणीव झाकून ठेवली, इतकंच.

पासवर्डही तपासा. एन्व्हायरन्मेंटखाली लिहिलेला पासवर्ड डिप्लॉयमेंटच्या यॅमलमध्ये उघडा उतरतो. तो कुबरनेटीसच्या ‘सीक्रेट’ या वेगळ्या नोंदीत हलवा, पण सीक्रेटमधली बेस64 ही कूटबद्धता नव्हे. ती फाइलही गिटमध्ये टाकू नये.

राहिला डेटा. नाव दिलेल्या व्हॉल्यूमसाठी पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम, म्हणजे टिकाऊ साठवणीची मागणी, बनतो, तीही सहसा जेमतेम 100 एमबीची. आकार लेबल लावून वाढवावा लागतो. क्लाउडवरची नवी डिस्क जोडली की तिच्यात ‘लॉस्ट प्लस फाउंड’ नावाचं फोल्डर आधीच असू शकतं. पोस्टग्रेसला आपली डेटाची जागा रिकामी लागते, म्हणून ते सुरूच होत नाही. ‘पीजीडेटा’ला आतलं एखादं उपफोल्डर दिलं की चालतं. लॅपटॉपवरचं फोल्डर थेट जोडलेलं असेल तर त्याच्याही जागी क्लेम येऊ शकतो, पण रिकामा. तेव्हा आतल्या फाइली सोबत जात नाहीत. टीम लहान असेल तर डेटाबेस क्लस्टरबाहेर, क्लाउडच्या तयार सेवेवर ठेवावा, असं माझं मत आहे.

आतच ठेवायचा असेल तर लोकांसाठी खुला करण्याआधी एक चाचणी घ्या. अ‍ॅपमधून एखादी नोंद करा, कुबरनेटीसच्या क्यूबसीटीएल कमांडने डीबीचा पॉड मुद्दाम उडवा, नवा पॉड उठला की तीच नोंद शोधा. ती सापडली नाही, तर क्लेम जोडलेला मार्ग आणि पोस्टग्रेस ज्या मार्गावर लिहितं तो, हे दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा.