परभणीच्या पंपात समुद्रशेवाळ

ऑगस्टात पावसाने ओढ दिली की जिंतूर, सेलू, मानवतच्या कृषी सेवा केंद्रांत ‘टॉनिक’ची विचारणा वाढते. त्यात समुद्रशेवाळाचा अर्क हमखास असतो: काळपट तपकिरी, उग्र वासाचा. समुद्र इथून चारशे किलोमीटरवर. यातलं कप्पाफायकस नावाचं लाल शेवाळ तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्याला बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात.

पाण्याच्या ताणात पानाचं काय होतं? पाणी वाचवायला पान पर्णरंध्रं मिटतं. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडचीही वाट बंद होते, पण ऊन काही थांबत नाही. साखर बनवण्यात खर्च व्हायची ती ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. ते पेशीपटलातल्या स्निग्ध पदार्थांवर तुटून पडतात. एक रेणू बिघडला की त्याची झळ शेजारच्याला लागते. सोयाबीन दुपारी माना टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि ताण लांबला की सावरणंही थांबतं. पिकाकडे बंदोबस्त असतोच. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. या उपद्रवी रेणूंचा समूळ नायनाट मात्र पिकालाही नको असतो. थोड्या प्रमाणात हेच रेणू धोक्याचा निरोप पोचवतात.

शेवाळाला ही लढाई रोजचीच. ओहोटीला खडकावर उघडं पडलं की कडक ऊन आणि कोरडा वारा अंगावर घ्यायचा, भरती आली की पुन्हा खाऱ्या पाण्यात. तपकिरी शेवाळातली फ्लोरोटॅनिन आणि फ्युकोझँथिन ही संयुगं अशा रेणूंना आवरायला, म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून, कामी येतात.

पण म्हणून बाटलीतलं अँटिऑक्सिडंट थेट सोयाबीनच्या पेशीत जाऊन पहारा देतं, असं समजू नये. पंपभर पाण्यात टोपणभर अर्क. त्यातून पेशीत कितीसं पोचणार? अर्कातल्या शर्करा आणि इतर घटकांची चाहूल लागून पीक स्वतःचीच विकरं वाढवतं, हे स्पष्टीकरण जास्त पटतं. (माणसांच्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांचंही गणित इतकं सरळ नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. ते निष्कर्ष 1994 चे. जाहिराती अजून जुन्याच.)

तेव्हा फवारणी करायची तर ताणाच्या तोंडावर. पानं करपल्यावर मारलेलं टॉनिक म्हणजे पैसे पाण्यात. खताची जागाही ते घेत नाही. केंद्राने फेब्रुवारी 2021 मध्ये अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशात आणलं. त्यामुळे लेबलावरचा तपशील वाचून, पक्कं बिल मागून घ्यावं. आणि चार तासं मुद्दाम फवारल्याशिवाय ठेवावीत. काढणीआधी दोन्हीकडच्या झाडांच्या शेंगा मोजल्या की पुढच्या वर्षी दुकानदाराशी बोलायला आकडा हाताशी राहील.