वीज गेल्यावरची वीज

मंडळी, वीज गेली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "आता एक इन्व्हर्टर घेऊनच टाकू." दुसऱ्या दिवशी घरधनी बाजारात जातात आणि दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतात तो "केवढ्याला?" असा. मी अर्थशास्त्र शिकवणारा मनुष्य, तेव्हा किमतीच्या प्रश्नाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण तो प्रश्न खरे म्हणजे तिसरा आहे. पहिला असा की, वीज गेल्यावर आपल्याला काय काय चालवायचे आहे? आणि दुसरा, किती तास?

इन्व्हर्टर वीज निर्माण करत नाही, एवढे आधी ध्यानात घ्या. धान्य कणगीत भरावे आणि लागेल तसे काढावे, तसा हा प्रकार आहे. कणगी म्हणजे बॅटरी. इन्व्हर्टर बॅटरीतली एकाच दिशेने वाहणारी वीज घेऊन तिची घरातल्या उपकरणांना चालणारी, उलटसुलट वाहणारी वीज करून देतो. शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रान्समधल्या गास्तों प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केली. आपल्या घरी येणारी बॅटरी बहुधा त्याच घराण्यातली असते.

आता हिशोब पाहू. गुरुजींनी तो पाचवी-सहावीच्या मुलांना फळ्यावर घालायला हरकत नाही, कारण यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही. बॅटरीवर १२ व्होल्ट आणि १५० ॲम्पिअर-तास असे लिहिलेले असते. दोहोंचा गुणाकार १८०० वॅट-तास. पण ही झाली कागदावरची कणगी. तो आकडा बहुधा वीस तास सावकाश वीज काढली तर मिळेल असा असतो. भराभर काढली तर कमी मिळते. शिवाय थोडी वीज इन्व्हर्टर स्वतःच खातो आणि बॅटरी तळापर्यंत खरवडणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. तेव्हा हाती हजार वॅट-तास येतील असे धरून चला. फसायला होणार नाही.

घरात जुन्या पद्धतीचे दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे. एक-दोन मोबाइल. बेरीज सुमारे २०० वॅट. हजाराला दोनशेने भागा, पाच तास. आता तेच दोन पंखे बदलून बीएलडीसी जातीचे, तीसेक वॅटचे आणले तर बेरीज शंभराच्या घरात येते आणि तीच बॅटरी दहा तास पुरते. म्हणून माझे मत असे की, मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत. बॅटरी चार-पाच वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. पंख्यांची बचत मात्र वीज असतानाही चालूच राहते.

इस्त्री, गिझर, पाण्याची मोटर यांना या हिशोबातून वगळा. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह एकदम ओढते. घरगुती इन्व्हर्टरला तो धक्का सोसत नाही.

आपल्या खेड्यापाड्यांत आणखी एक अडचण असते आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. रिकामी झालेली मोठी बॅटरी पुरती भरायला दहा-बारा तास लागतात. वीजच जर दिवसाकाठी सहा तास टिकत असेल तर कणगी रोज थोडी थोडी रिकामीच राहणार. अशा अर्धपोटी बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट धरते, कडक होते, आणि वर्ष-दीड वर्षात बॅटरी निकामी होते. मग आपण कंपनीला दोष देतो. जिथे असे असेल तिथे भार कमी करावा किंवा बॅटरीला सोलरची जोड द्यावी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी नको. आणि ती हवेशीर जागी ठेवा, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. देवघराच्या दिव्याजवळ तर मुळीच नको.

आता जनरेटरकडे वळू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागांत खांब आडवे झाले आणि कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी इन्व्हर्टर पहिल्या रात्रीनंतर मुका होतो, कारण कणगी भरायला धान्यच नाही. तिथे जनरेटरच कामाला येतो. पण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. पडवीत, गोठ्यात, जिन्याखाली जनरेटर लावू नका. घरापासून वीसेक फूट दूर, उघड्यावर लावा, आणि त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. पावसाचे पाणी मात्र त्यावर पडू देऊ नका.

आणि एक गोष्ट काही केल्या करू नका. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घेऊन जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटातून घरात सोडणारे महाभाग आहेत. ती वीज घरातच थांबत नाही. ती मीटरमधून उलटी बाहेर तारेवर जाते. डीपी अकरा हजार व्होल्टची वीज घरगुती दाबावर आणते. उलट बाजूने वीज आली तर तेच यंत्र तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवते. यंत्राला सुलट-उलट कळत नाही. वर खांबावर वायरमन लाइन बंद आहे अशा समजुतीने तारेला हात घालतो. छतावरचे बॅटरीविना सोलर वीज जाताच आपोआप बंद पडते, अशी तक्रार पुष्कळ लोक करतात. ती खोड नव्हे. त्याच माणसाचा जीव वाचावा म्हणून ती योजना आहे.

जनरेटर घरच्या वायरिंगला जोडायचा असेल तर चेंजओव्हर स्विच हवा. खटका एका बाजूला असला की लाइन, दुसऱ्या बाजूला असला की जनरेटर. दोन्ही एकदम कधीच नाहीत. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवा, आणि बसवून झाला की गावच्या वायरमनला चहाला बोलावून एकदा दाखवून ठेवा.