केंद्रकात प्रवेश करणारी प्रथिने

ऑर्किडच्या पेशींचे सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण करीत असता १८३१ साली रॉबर्ट ब्राउन यांना प्रत्येक पेशीत एक वाटोळा, अपारदर्शक भाग आढळला. त्यासच आज आपण केंद्रक म्हणतो. वनस्पतीचे बहुतेक आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डी.एन.ए., या केंद्रकात असते. परंतु त्यातील कोणते जनुक केव्हा कार्यान्वित व्हावे हे ठरविणारी प्रथिने बाहेर, पेशीद्रव्यात तयार होतात. मग ती आत जातात कशी?

केंद्रकाभोवती दुहेरी पटल असून त्यास अनेक छिद्रे असतात. लहान रेणू त्यांतून सहज ये-जा करतात. सुमारे ४०,००० डाल्टनहून बऱ्याच जड प्रथिनांस मात्र जणू परवाना लागतो. हा परवाना प्रथिनाच्या शृंखलेतच गुंफलेला असतो. लायसीन व आर्जिनीन या धनभारित ॲमिनो आम्लांनी युक्त असा तो एक आखूड खंड होय. १९८४ साली प्राण्यांतील एका विषाणूच्या प्रथिनात अशा खंडातील एकच लायसीन बदलण्यात आले. तेवढ्यानेच ते प्रथिन केंद्रकाबाहेर राहिले.

वनस्पतींतही हीच व्यवस्था आढळते. इंपोर्टिन-आल्फा हे प्रथिन हा खंड ओळखून त्यास धरते. इंपोर्टिन-बीटा त्या दोहोंस छिद्रातून पार नेते. आत रॅन नावाचे प्रथिन इंपोर्टिन-बीटाशी जोडले जाते आणि आणलेले प्रथिन मोकळे होते.

या व्यवस्थेत परवाना पाहिला जातो. तो धारण करणारा कोण, हे पाहिले जात नाही. मातीतील ॲग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू नेमका याचाच लाभ घेतो. झाडास जखम झाली असता तो आपल्या डी.एन.ए.चा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. त्याच्या टोकास जीवाणूचे व्हिर-डी-२ हे प्रथिन जखडलेले असते. जीवाणूस स्वतःचे केंद्रक नसते. तरीही या प्रथिनात केंद्रकप्रवेशाचा खंड आहे. त्यामुळे पेशीतील इंपोर्टिन त्यास तुकड्यासह आत नेते. तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात सामील होतो व झाडावर गाठी वाढतात.

गाठीच्या पेशींत जीवाणूचे डी.एन.ए. असल्याचे १९७७ साली सिद्ध झाले. पुढे शास्त्रज्ञांनी गाठी उत्पन्न करणारी जनुके वगळून त्यांच्या जागी उपयुक्त जनुके बसविली. २००२ साली भारतात लागवडीची संमती मिळालेल्या बीटी कापसात बोंडअळीस मारक असे प्रथिन निर्माण करणारे जनुक याच मार्गाने घातलेले होते. ज्या युक्तीने झाडास रोग जडतो, तीच युक्ती अशा रीतीने पिकाच्या रक्षणासाठी वापरण्यात आली.