सास्तूरची माळवदे आणि शिलोहाचा बुरूज

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. किल्लारीचे नाव जगभर गेले, पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूरही त्याच पहाटे जमीनदोस्त झाले. सगळी मिळून दहा हजारांच्या घरात माणसे गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. जगाच्या हिशेबात ती मध्यमच. माणसे मारली ती घरांनी: मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर लाकडी माळवद आणि त्याच्यावर पिढ्यानपिढ्या चढवत नेलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारे छतच उरावर कोसळले. हे कसे घडले ते अभियंत्यांनी सांगितले. पण ‘आमच्याच वाट्याला का’ हा प्रश्न अभियंत्याच्या कक्षेतला नव्हे. देव कोपला, कुणाचे तरी पाप भोवले, गावाचे काहीतरी चुकले, अशी उत्तरे प्रत्येक मोठ्या संकटामागून येतात आणि मेलेल्यांनाच आरोपी करून जातात.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात नेमका असाच प्रसंग आहे. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ही अठरा माणसे शहरातल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते का, असे येशू विचारतो आणि स्वतःच ठामपणे नाही म्हणतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? उत्तर येते, दोघांचेही नाही. त्याही आधीच्या ईयोबाच्या ग्रंथात सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र पानेच्या पाने त्याच्या पापाचा ताळा मांडून दाखवतात. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. या तीन साक्षींवरून माझे म्हणणे असे, की ख्रिस्ती विचाराचा जोर दुःखाचे कारण सांगण्यावर नाही. सोसणाऱ्याच्या माथ्यावरचा आरोप तो आधी उतरवतो आणि मग जिवंतांना विचारतो, आता तुम्ही काय करणार? आक्षेप समोरच आहे: त्याच लूकमध्ये पुढच्याच श्वासात, पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल, असा इशारा येतो. मग धाक उरलाच की! उरला खरा, तो गाळून वाचणे अप्रामाणिक ठरेल. पण बोट कुणाकडे आहे ते पाहावे. मेलेल्यांचा निवाडा करायला आलेल्यांना येशू स्वतःच्या आयुष्याकडे वळवतो. शेजारच्या गावात उभे राहिलेले माळवद काही पुण्यवान नव्हते. तिथे जमीन कमी हलली, एवढेच. भूकंपाने त्याच्या धन्याला बजावले असेल तर ते छतावरचे ओझे उतरवायला.

यावर धाराशिवचा माणूस विचारील, हे शिकायला यरुशलेमला कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला जा. प्रश्न रास्त आहे आणि तेरचे नाव निघाले की आडवळण टाळवत नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी टिपणात, ‘पेरिप्लस’मध्ये, ‘तगर’ म्हणून ज्या पेठेचा उल्लेख आहे ती हीच. इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जायचे आणि रोमन जगाशी असलेल्या या व्यापाराच्या खुणा तेरच्या संग्रहालयात आजही पाहता येतात. शुभवर्तमाने लिहिली जात होती त्याच काळातले हे. त्याच तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची कथा सर्वांना ठाऊक आहे: नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोटचे पोर पायाखाली गेले. कथेच्या शेवटी विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळते, पण मधला आईचा आक्रोश आणि देवावरचा संताप परंपरेने पुसलेला नाही. बेथानीला, येशूच्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, थडग्यापाशीही असेच आहे. त्याला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू आधी रडतो. फरक इतकाच, की तेरच्या कथेत रडणे आईचे आहे, बेथानीत ते ज्याला आपण देव म्हणावे त्याचेच आहे. वारकरी देवाशी भांडतो, बायबलमधला स्तोत्रकर्ताही भांडतो. म्हणून तर ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांसारख्या माणसाला आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो असे वाटले आणि अभंगाचा छंद टाकावा लागला नाही.

मराठी मुलखातल्या ख्रिस्ती विचाराचा इतिहास थोडक्यात आटोपतो. गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 चे. निजामाच्या मुलखातल्या आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती कायम मूठभरच राहिली.

माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा मला ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात दिसतो. मराठीतल्या उत्तम गद्यात त्याची गणना होते, पण दुःखाविषयीचा ख्रिस्ती ग्रंथ म्हणून तो क्वचितच वाचला जातो. सोवळ्याने पछाडलेल्या बापाचे घर, अकराव्या वर्षी लग्न, मनात येईल तेव्हा घर सोडून जाणारा आणि हाताला लागेल ते देऊन टाकणारा नवरा, अपत्यांचे मृत्यू, आणि 1895 साली नवऱ्याचा बाप्तिस्मा. त्यानंतरच्या ताटातुटीची वर्षे बाईंनी काही काळ पंढरपुरात काढली, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पलीकडच्याच मुलखात. पुढे त्या टिळकांकडे परतल्या तरी स्वयंपाक, पाणी, सोवळे वेगळेच ठेवले. मग एके दिवशी जात माणसाने केली, देवाने नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि शिवाशिव गळून पडली. बाप्तिस्मा 1900 चा, पण माझ्या मते धर्मांतर झाले ते चुलीपाशीच. आता या पुस्तकात काय नाही ते पाहा. आपल्यावर हे का आले याचा खुलासा कुठेच नाही, सोसल्याचे बक्षीस मिळाल्याचा दावा नाही, नवऱ्याला संत ठरवायची खटपट नाही. आहे ते हसू, आणि ते सर्वात आधी स्वतःवर. प्लेगच्या दिवसांत नवरा-बायको रोग्यांची सेवा करतात ते वर्णनही कुठे कर्तव्याचा आव आणत नाही. घरी आलेल्या बालकवी ठोंबऱ्यांना वाढलेले ताट आणि आजाऱ्याची उशी बाई एकाच सुरात सांगतात. माझ्या लेखी ख्रिस्ती आनंदाचे इतके नेमके चित्र मराठीतल्या कुठल्याही प्रवचनात नाही. सगळे नीट झाल्यावर येणारे हे सुख नव्हे. काहीच नीट नसताना पंगत वाढत गेली, त्यातले आहे. हा बाईंचा स्वभाव होता, धर्माचा काय संबंध, असे म्हणता येईल. विनोद स्वभावाचाच, मान्य. पण ज्या बाईला परजातीच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या घरात पोरकी मुले वाढली, हे एकट्या स्वभावाने होत नाही.

याहून कडक आक्षेप दुसरा: सोशिकपणाचे गोडवे गाणारा धर्म गरिबाला सोसतच ठेवतो. पौलाची काही वाक्ये तशी वापरली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शुभवर्तमानात येशू एकाही रोग्याला, सोस, यातच तुझे भले आहे, असे सांगत नाही. तो त्याला बरा करतो. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात आईवडील दुष्काळात गमावले, पुढे भाऊ गेला आणि 1882 मध्ये नवराही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली घेऊन केडगावला आल्या. तिथल्या त्यांच्या मुक्तिसदनात विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. यावरही टीका आहेच: उपाशी माणसाला धर्म देणे म्हणजे भाकरीचे आमिष. त्याआधी 1893 मध्ये रमाबाईंच्याच शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या वादात रानडे-भांडारकरांसारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. माझ्या मते त्यांच्या आक्षेपात तथ्य होते, कारण दुःखी माणूस निवड करायला मोकळा नसतो. मदत आणि उपदेश एकाच हाताने दिले की घेणाऱ्याला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. पण ज्यांना कुणीच आणले नव्हते त्या मुलींना आणायला जाणारी बाई या युक्तिवादाने खोटी पडत नाही.

दुःखाचे कारण सांगण्यापेक्षा जिवंतांनी काय करायचे ते पाहणे, हेच वधस्तंभाकडे पाहतानाही लागू पडते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले आणि दहाएक अध्यायांवर ते थांबले. 1919 मध्ये ते गेले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने. म्हणजे मराठी महाकाव्यात ख्रिस्ताच्या दुःखभोगापर्यंतची मजल गाठण्याचे काम कवीच्या विधवेकडे आले, आणि 1936 मध्ये नाशिकला डोळे मिटेपर्यंतच्या वर्षांत तिने ते ‘स्मृतिचित्रे’ लिहिता लिहिताच उरकले.